मी, दारात

त्या घरात येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःची वर्दी द्यावी लागे. दारात पाऊल टाकलं की म्हणायचं, "मी, दारात." चार पावलं आत आलं की "मी, टेबलापाशी." पाणी प्यायला गेलं की "मी, नळापाशी." लग्न होऊन आलेल्या सुनेला पहिले आठ दिवस वाटलं, आपण माणूस आहोत की फलाटावर येणारी गाडी. पण सासूबाईंना दिसत नव्हतं, आणि आपल्या घरात कोण कुठे उभं आहे हे कळणं हा त्यांचा हक्क होता. त्यात दयामाया नव्हती. दयामाया त्यांना खपतही नसे.

त्यांची नजर पस्तिशीनंतर गेली, आणि जायला तिने दोन वर्षं घेतली. त्या दोन वर्षांत बाई रडल्या असतील तर ते कुणी पाहिलं नाही. लोकांनी पाहिलं ते एवढंच, की बाई दुपारच्या वेळी घरात डोळे मिटून हिंडतात. दारापासून टेबल चार पावलं. टेबलापासून ओटा तीन. ओट्यावर डावीकडून साखर, चहा आणि मीठ. मिठाचा डबा मुद्दाम चौकोनी. दिसायचं थांबलं तोवर घर त्यांना तोंडपाठ झालं होतं, आणि तेव्हापासून त्या घरातली एक वस्तू बोटभर हलली नव्हती. खुर्ची ओढून बसलात तर उठताना ती पुन्हा आत सरकवायची. चप्पल भिंतीकडे टाच करून ठेवायची. सगळ्या घरांना असे कायदे असते तर निम्मी भांडणं मिटली असती, पण ते असो.

सून एका शर्टांच्या कारखान्यात चेकर होती. शिवून आलेला शर्ट तिच्या टेबलावर यायचा आणि ती तो ठरल्या क्रमाने पाहायची: कॉलर, खांदे, बाह्या, कफ, काजं, बटणं, खालची दुमड, मग उलटा करून आतल्या शिवणी. कुठे टाका सुटला असेल, तेलाचा ठिपका पडला असेल, एक बटण केसभर वर बसलं असेल, तर तिथे लाल बाणाचा स्टिकर चिकटवून शर्ट परत. तिच्या हातून दोष सुटत नसे. म्हणून टेबलावरच्या बायका तिला 'भिंग' म्हणत. "भिंगाच्या नवऱ्याचं कसं होत असेल गं?" शेजारच्या टेबलावरची थोराड बाई दर दोन दिवसांनी विचारायची. "रोज घरी गेल्यावर तपासून बाण लावत असेल बिचाऱ्याला." भिंग हसायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, ग्रीसचे डाग घेऊन घरी यायचा. त्याला बाण लावायचे तर पाकीट पुरलं नसतं.

मुलगी झाली आणि भिंग सहा महिन्यांनी कामावर परतली. पोर आजीजवळ राहिली. दिसत नसलेल्या बाईजवळ तान्हं मूल ठेवता, म्हणून शेजारपाजारच्यांनी नाकं मुरडली. पण सासूबाईंनी मूल असं सांभाळलं की डोळसांनी शिकून घ्यावं. दुधाचं तापमान त्या भांड्याच्या आवाजावरून ओळखत. पोर रांगायला लागली तशी तिच्या पायात त्यांनी बारीक घुंगरू बांधलं, आणि ते वाजायचं थांबलं की त्या हातातलं काम टाकून उठत. पोर घरभर तुरुतुरु पळायची, भिंतीला हात लावत, टेबलाच्या कडेला हात लावत, खुर्चीच्या पाठीला हात लावत. तिचं नाव खारू पडलं. बोलायला लागली तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "मी, दालात."

तेव्हा सगळे किती हसले होते.

खारू आजीची नक्कल करते, ही घरातली लाडकी गंमत होती. कुणी बोललं की ती आजीसारखीच मान किंचित वाकडी करून कान पुढे करायची. पाण्याचा पेला घ्यायला हात आजीसारखाच जमिनीलगत सरकवत न्यायची. चित्रांचं पुस्तक दिलं की नाकाला लावायची, बाप म्हणायचा, "वास घेऊन वाचते माझी लेक." टीव्हीला चिकटून बसायची, पण कुठलं पोर बसत नाही? आणि पडायची कधीच नाही. शेजारच्यांची पोरं गुडघे फोडून घ्यायची, कपाळावर टेंगळं आणायची. खारूच्या अंगावर ओरखडा नसे. रोज संध्याकाळी आजी आणि नात एकमेकींचं बोट धरून सात घरं सोडून असलेल्या दुकानात बिस्किटं आणायला जात आणि जशा जात तशा परत येत. भिंगाला तिचा अभिमान होता. चार वर्षांची पोर आंधळ्या आजीला दुकानात नेऊन आणते, असं ती कारखान्यात सांगायची. सांगायला नको होतं असं तिला पुढे फार वाटलं.

खारू साडेचार वर्षांची असताना आतल्या भिंतीला ओल धरली. रंगाऱ्याला बोलवावं लागलं. सामान हलवल्याशिवाय रंग लागत नाही, आणि हलवलेल्या सामानात सासूबाईंना ठेवता येत नाही, म्हणून नवऱ्याने आईला चार दिवसांसाठी आपल्या थोरल्या बहिणीकडे पोचवलं. भिंगाने रजा टाकली. टेबल, कपाट, खुर्च्या सगळं खोलीच्या मध्यावर ओढून त्यावर जुन्या चादरी टाकल्या. खारूला सकाळी शेजारी नेऊन बसवलं होतं. ती दहा वाजता परत आली, दारात थांबून म्हणाली, "मी, दारात," आणि नेहमीसारखी तुरुतुरु आत निघाली.

आधी ती शिडीवर आपटली. उठून वळली ती थेट रंगाच्या बादलीवर. तिथून उठली, हात पुढे करून टेबल होतं त्या जागी टेबल शोधायला गेली, तिथे काहीच नव्हतं, आणि ती तोंडावर पडली. रडली नाही. बसून राहिली आणि दोन्ही तळवे फरशीवर फिरवत राहिली.

"अगं, समोर बघून चालायला काय होतं तुला?" भिंग धावत आली, पोरीच्या हातापायांवरचा पांढरा रंग फडक्याने पुसायला लागली. "डोळे आहेत की बटणं?"

रंगारी म्हातारा होता. शिडीवरून खाली उतरून उभा राहिला. "ताई," तो म्हणाला, "पोरीला दिसत नाही का?"

"दिसतं की. आजीची नक्कल करते ती."

"नक्कल करणारं पोर पडायच्या आधी थांबतं हो."

भिंगाला त्याचा राग आला. चार दिवसांसाठी आलेल्या माणसाने आपल्या पोरीबद्दल बोलायचं म्हणजे काय. तिने खारूला आंघोळ घातली, कपडे बदलले, काहीबाही खायला दिलं, आणि या सगळ्यात तो राग हळूहळू पातळ होत गेला आणि त्याच्याखालचं काहीतरी दिसायला लागलं. दुपारी रंगारी जेवायला गेला तेव्हा तिने पर्समधून लाल बाणांची पट्टी काढली. एक बाण कोरड्या भिंतीवर खारूच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवला.

"खारू, बाण शोध."

खारूला खेळ आवडला. ती भिंतीशी गेली, तळवा टेकवून चालत राहिली, बाण हाताला लागला तशी हसली. "सापडला."

भिंगाचा जीव भांड्यात पडला. एका क्षणापुरताच. तळव्याला सापडला होता तो. तिने पर्समधलं लाल पेन काढलं आणि दुसऱ्या भिंतीवर बाण काढला. चिकटवला नाही, काढला. हाताला लागेल असं त्यात काही नव्हतं.

"आता हा शोध."

खारू भिंतीला तळवा लावून निघाली. तळवा बाणावरून गेला. भिंत संपली तशी ती वळली आणि परत आली, तळवा पुन्हा बाणावरून गेला. तिसऱ्यांदाही गेला. मग तिने मान किंचित वाकडी केली आणि आईच्या दिशेने, पण आईच्या थोडं डावीकडे पाहत म्हणाली, "तू नीट नाही चिकटवलास."

डोळ्यांच्या डॉक्टर बाई तरुण होत्या आणि त्यांना वेळ कमी होता. त्यांनी खारूच्या डोळ्यांत औषध घातलं, दिवा मारून पाहिलं, वेगवेगळ्या काचा लावून पाहिलं. घरात कुणाला त्रास आहे का, विचारलं. भिंगाने सासूबाईंचं सांगितलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

"ती कधी पडली नाही," भिंग म्हणाली.

नवरा शेजारच्या खुर्चीत मांडीवरच्या हातांकडे बघत बसला होता.

प्रकरण असं होतं. दोन्ही डोळ्यांना जाड चष्मा लागणार होता. उजव्या डोळ्याला चष्म्याने बऱ्यापैकी दिसणार होतं, पण त्याच्या मागच्या पडद्यावर डाग होता, आणि तो डोळा पुढे कधी दगा देईल हे सांगता येत नव्हतं. डावा डोळा आतून धडधाकट होता. पण जन्मापासून त्याला धूसरच दिसल्यामुळे मेंदूने त्याच्याकडे लक्ष देणं सोडलं होतं. त्याला कामाला लावायचं तर उजवा डोळा रोज सहा तास पट्टीने झाकायचा आणि डाव्याला पाहायला भाग पाडायचं. हे लहानपणीच होतं. सात वर्षांनंतर करून फारसा उपयोग नाही. "तुमच्याकडे वर्ष-दीड वर्ष आहे," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या उजवा गेला तर हिच्याकडे हा एकच डोळा असेल. तो आता जागा झाला तर झाला."

चष्मा आला. पट्टी सुरू झाली. दीड महिन्याने तपासणीला गेल्या तेव्हा डावा डोळा होता तिथेच होता. डॉक्टरांनी आधी विचारलं की पट्टी खरंच लावता ना. भिंगाने शपथेवर सांगितलं. मग डॉक्टरांनी खारूला तपासणीच्या खोलीत चालायला लावलं आणि ती कशी चालते ते नीट पाहिलं. "ही डोळा वापरतच नाही," त्या म्हणाल्या. "घरातसुद्धा अशीच भिंत धरून चालते? घरात सामान कसं असतं?"

भिंगाने सांगितलं. एरवी हे सांगताना तिला घराचा अभिमान वाटत आला होता. त्या दिवशी प्रत्येक वाक्य गुन्हा कबूल केल्यासारखं निघालं.

"मग कसा वापरेल तो डोळा? त्याला त्या घरात काही कामच नाही. सामान हलवा. रोज हलवा. वस्तू कुठे आहे हे हिला बघितल्याशिवाय कळता कामा नये."

"पण माझ्या सासूबाई..."

"ते तुम्ही ठरवा," डॉक्टर म्हणाल्या, आणि पुढचा कागद ओढला.

लोक म्हणतात डॉक्टरांना हृदय नसतं. हृदय असून त्या करणार काय होत्या? जे होतं ते सांगितलं.

नवऱ्याने ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाला. "आईला या घरात पाडणार का तू?"

"मी कुठे पाडतेय? डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांनी आईला पाहिलंय? सगळं तिचं ती करते. उद्या टेबल हलवलंस की आई खुर्चीत बसणार, आणि ती पुन्हा उठायची नाही. दुसरं काहीतरी शोध."

"शोधा ना मग तुम्ही. नाहीतर आईंना ताईंकडे राहू दे वर्षभर."

"ताईकडच्या चार दिवसांत ती तीनदा पडली. कोपर दाखवलं नाही तुला तिने. तिथे आयुष्य काढू दे म्हणतेस?"

भिंगाचंही मन होत नव्हतंच. सासू म्हणून इतर बायकांच्या नशिबी जे येतं त्यातलं तिच्या वाट्याला काही आलं नव्हतं. सकाळी ती निघायच्या आधी चहा तयार असायचा, परतली की कपड्यांच्या घड्या झालेल्या असायच्या. एकदा ती तापाने फणफणली होती तेव्हा या बाई तीन दिवस टेबल ते ओटा आणि ओटा ते पलंग करत राहिल्या होत्या, एक थेंब न सांडता. त्या बाईच्या पायाखालून घर काढून घ्यायचं कसं? आणि नाही काढलं तर खारूचा डोळा. दोन आठवडे ती दोघं नवरा-बायको घरात एकमेकांना टाळून वावरली, तीही वर्दी देत देत. "मी, नळापाशी." "मी, दारात."

कारखान्यात तिच्या हातून पहिल्यांदाच खराब शर्ट पास झाले. कॉलरला डाग असलेले तीन. थोराड बाईने ते हळूच परत तिच्या टेबलावर आणून ठेवले आणि एकदाही चेष्टा केली नाही. तेव्हा भिंगाला रडू फुटलं.

सासूबाईंना कुणी काही सांगितलं नव्हतं. पण ज्या बाईला दूध उतू जायच्या आधी ऐकू येतं तिला घरातला अबोला ऐकू येणार नाही, असं मानणारी माणसं मूर्खच म्हणायची. एका रविवारी नवरा खारूला घेऊन बाहेर गेला होता. सासूबाईंनी दोन कप चहा केला, टेबलापर्यंत आणला, समोर बसल्या.

"डॉक्टर काय म्हणाल्या ते मला कुणी सांगत नाही," त्या म्हणाल्या. "बहिरी समजता का मला? त्याला अजून वेळ आहे."

भिंगाने सांगितलं. काही वगळलं नाही, कारण सासूबाईंपुढे वगळलेलं लगेच ओळखू यायचं.

त्यांनी कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "दुकानात जायचो ना आम्ही," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं पोर मला नेते. रस्त्यात दगड असला तर सांगेल. म्हणून मी तिच्या भरवशावर चालायचे. आणि ती माझ्या. दोघीही आंधळ्याच निघालो की गं."

"आई, तसं नाही..."

"थांब. एकदा मला वाटलं होतं. साधारण वर्षापूर्वी. मी चमचा खाली पाडला तर तिने तो शोधताना हात माझ्यासारखा फिरवला. फरशीला घासून, गोल गोल. ते बघून कुणी शिकत नाही. ते लागतं तेव्हाच येतं. मला आवाज कळला. मी बोलले नाही. म्हटलं, नको. माझ्याच रक्तातलं असेल, मीच तोंडाने कशाला काढू. वर्ष घालवलं मी तिचं."

भिंगाला काहीतरी बोलायला हवं होतं. नाही हो आई, असं. पण ते तिच्या तोंडून निघालं नाही, कारण त्या क्षणी तिला खरोखरच तसं वाटलं: की या बाईने आपल्या लेकीचं वर्ष घालवलं. आणि त्याच क्षणी हेही, की मी तर साडेचार घालवली.

सासूबाईंनी चहा संपवला. कप उचलून तीन पावलं ओट्याशी गेल्या, धुतला, पालथा घातला, त्याच्या नेहमीच्या जागी. हात पुसले. मग परत येऊन दोन्ही हात टेबलाच्या कडेला लावले आणि ढकललं. टेबलाचे पाय फरशीवर कर्कश्श ओरडले. हात-दीडहात सरकलं ते. पंचवीस वर्षांत त्यांच्या हातून पहिल्यांदा.

"मला खिडकीपाशी एक खुर्ची दे," त्या म्हणाल्या. "ती मात्र हलवायची नाही. बाकी काय ते कर. आणि त्याने आरडाओरड केली तर सांग, आईने सांगितलंय."

भिंगाने एक गोष्ट केली. सामान हलवण्याआधी टेबलाच्या, कपाटाच्या, स्टुलाच्या प्रत्येक पायाशी फरशीवर पेन्सिलने खूण केली. पुन्हा सगळं जसंच्या तसं लावता यावं म्हणून. वर्षभराचाच प्रश्न आहे, असं ती स्वतःला सांगत होती.

मग घर फिरायला लागलं. टेबल आज इथे, परवा तिथे. खारूचा पेला रोज वेगळ्या ठिकाणी. लाल बाण सगळीकडे, पण पेनाने काढलेले, कागदावर, दारावर, खुर्चीच्या पाठीवर. आणि एका बाणापासून दुसऱ्या बाणापर्यंत गेलं की शेवटी बिस्किट. खारू पहिले दोन महिने आपटली. गुडघे फुटले, कपाळाला टेंगूळ आलं. शेजारपाजारच्या पोरांसारखी दिसायला लागली. ती चिडायची, पट्टी ओढून काढायची, "आजीचं घर परत दे," म्हणून फरशीवर लोळायची. भिंग पट्टी पुन्हा लावायची. खिडकीपाशी सासूबाई हात मांडीवर ठेवून हे सगळं ऐकत बसायच्या.

सकाळी भिंग निघायच्या आधी चहाचा थर्मास, पाण्याची बाटली आणि खायचा डबा खुर्चीजवळच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची. शेजारची बाई दुपारी येऊन जायची. सासूबाई सगळ्यांचे उठता-बसता आभार मानायला लागल्या होत्या. पूर्वी त्या कुणाचे आभार मानत नसत. मानायची वेळच येत नसे.

एका सकाळी दूध उतू जाण्याच्या बेतात होतं आणि भिंग बाहेर कपडे वाळत घालत होती. सासूबाईंना ते ऐकू आलं. सवयीने उठल्या, सवयीने निघाल्या, आणि दुसऱ्याच पावलाला स्टुलाला अडखळून कोसळल्या. नडगीला खोल लागलं. भिंग धावत आली तर त्या जमिनीवर बसून तळवे फरशीवर फिरवत होत्या, गोल गोल, स्टूल कुठे आहे ते शोधत. खारू कपाटाला टेकून उभी होती आणि जाड काचेतून डाव्या डोळ्याने सगळं पाहत होती.

नवऱ्याने संध्याकाळी आईच्या पायाला पट्टी बांधली. भिंगाशी तो एक शब्द बोलला नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुझ्या लेकीला दिसलं का रे मी पडले ते?" सासूबाईंनी त्याला विचारलं.

"दिसलं. सांगत होती मला."

"कुठून?"

"कपाटापासून. सातेक पावलं असतील."

"सात पावलं," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवसानंतर त्या न सांगता उठल्या नाहीत. उठायचं असलं की "कुणी आहे का?" म्हणून विचारायच्या, आणि कुणी हात दिला तरच.

पाचव्या महिन्यात खारूला डाव्या डोळ्याने तक्त्यावरची वरची ओळ दिसली. आठव्या महिन्यात चौथी. अकराव्या महिन्यात डॉक्टरांनी दोनदा तपासलं, दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून दाखवलं आणि म्हणाल्या, पट्टी बंद करा. चष्मा जन्मभर लागेल, उजव्यावर लक्ष ठेवावं लागेल, पण डावा आता तिचा आहे. परतताना खारू रस्त्यावरच्या पाट्यांवरची अक्षरं ओरडून वाचत होती. नुकती शाळेत जायला लागली होती, अक्षरं थोडीच येत होती. येत होती तेवढी सगळी वाचली. नवऱ्याने तिला खांद्यावर घेतलं. तो हसत होता. भिंगही हसली. कितीतरी दिवसांनी दोघं एकमेकांकडे बघून हसले.

त्याच दुपारी भिंगाने फरशी ओल्या फडक्याने पुसली, पण वर्षभर पुन्हा पुन्हा गिरवत आणलेल्या पेन्सिलच्या खुणा पुसल्या नाहीत. नवऱ्याने आणि तिने मिळून टेबल उचललं, खुणांवर ठेवलं. कपाट खुणेवर. स्टूल खुणेवर. ओट्यावर साखर, चहा आणि चौकोनी डब्यातलं मीठ. चेकरचं काम होतं ते. केसभर इकडेतिकडे नव्हतं.

"आई, झालं. सगळं होतं तसं लावलंय. या."

सासूबाई उठल्या. दारापाशी नेऊन भिंगाने त्यांचा हात सोडला. एक पाऊल. दोन. तिसऱ्याला त्या थांबल्या. टेबल पुढच्या पावलावर होतं, तंतोतंत. त्यांनी हात पुढे केला, पण पुरा लांबवला नाही, अर्ध्यावर धरला. भिंगाला ओरडून सांगावंसं वाटलं, आहे हो, तिथेच आहे, अजून थोडंसं. सासूबाईंनी हात मागे घेतला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आता माझ्या लक्षात नाही ते."

"सवय होईल परत. रोज थोडं थोडं..."

"होईल की." त्यांनी हात बाजूला धरला. "मला खुर्चीपाशी ने."

रोज थोडं थोडं झालं नाही. भिंगाने आठ-दहा दिवस प्रयत्न केला. सासूबाई तिच्या समाधानासाठी दारापासून टेबलापर्यंत तिचं बोट धरून यायच्या, टेबलाला हात लावून "हो, आहे" म्हणायच्या, आणि परत जायच्या. साठी उलटली होती. एकदा केलेलं काम माणूस पुन्हा सगळं पहिल्यापासून करेल अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी स्वतः करून पाहावं.

एके दिवशी भिंग ओट्यापाशी उभी होती. खारू शाळेतून आली, दप्तर खाली ठेवलं आणि दारात थांबली. काही बोलली नाही. गेल्या कित्येक दिवसांत ती वर्दी देत नव्हती, हे भिंगाला त्या वेळी पहिल्यांदा जाणवलं. द्यायची गरजच नव्हती. दारातून तिला सगळं दिसत होतं: टेबल, ओट्यापाशी आई, खिडकीतल्या उजेडात खुर्चीवर बसलेली आजी. खारू आजीकडे बघून हसली. चांगली तोंडभर हसली. मग हात वर करून हलवला.

सासूबाईंनी मान वाकडी केली. "कोण आहे?"

खारू हात हलवतच राहिली.

"कोण आहे दारात?"

"बघ ना, आजी," खारू म्हणाली.

भिंग वळली. पोरीला दटावायला तिने तोंड उघडलं होतं. पण सासूबाईंनी तिच्या आधीच चेहरा आवाजाकडे फिरवला. अगदी बरोबर फिरवला नाही, दाराच्या थोडं डावीकडे फिरवला, आणि तिथल्या रिकाम्या भिंतीकडे पाहून त्या हसल्या.

"बघते हं," त्या म्हणाल्या. "किती मोठी झालीस."